चार्ट बाजूला ठेवा, डब्यामागे चाला: संघटनरचनेवर संशोधन कसं करावं

व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याने 'संघटनरचना' हा विषय घेतला की पहिल्याच भेटीत तो कंपनीच्या एचआरकडे ऑर्गनायझेशन चार्ट मागतो. तो लगेच मिळतो, कारण तो दाखवण्यासाठीच काढलेला असतो. मग पन्नास प्रश्नांची प्रश्नावली, 'पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत' असं पाच पर्यायांचं लायकर्ट स्केल, शंभरेक लोकांनी घाईत मारलेल्या खुणा, एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधून काढलेले तक्ते, की झाला प्रबंध. ती संस्था काम कसं करते हे मात्र त्यात कुठेच सापडत नाही.

चार्ट सांगतो कोण कुणाचा साहेब. काम कुणाच्या हातून कुणाच्या हातात जातं, कुठला निर्णय कोण स्वतःच्या जबाबदारीवर घेतो आणि काही बिघडलं की कोण कुणाकडे धावतो, हे त्यात नसतं. माझ्या लेखी रचना म्हणजे याच तीन गोष्टी. त्या शोधायच्या कशा ते पायरीपायरीने पाहू. उदाहरण बहुतेक ठिकाणी मुंबईच्या डबेवाल्यांचं घेतलं आहे. त्यांच्यावर भाषणं उदंड होतात, रचनेबद्दल नेमकं बोलणारे थोडे.

पायरी 1: विषय नको, प्रश्न घ्या

'मुंबईच्या डबेवाल्यांच्या संघटनरचनेचा अभ्यास' हा विषय झाला, प्रश्न नव्हे. प्रश्नात काहीतरी न जुळणारं हवं. उदाहरणार्थ: महादू हावजी बच्चे यांनी 1890 मध्ये सुरू केलेल्या या व्यवस्थेत कोविडपूर्वी सुमारे 5,000 माणसं रोज दीड-दोन लाख डबे पोचवून रिकामे डबे परत नेत होती. मधल्या फळीतले मॅनेजर नाहीत, कंट्रोल रूम नाही, बारकोड नाही. मग एवढा समन्वय होतो कशाच्या जोरावर? किंवा असं: बाहेरून एकच संघटना दिसते, मग आत प्रत्येक गटाचा हिशेब वेगळा का?

प्रश्न ठरवताना फणीश पुरानम, ऑलिव्हर अलेक्सी आणि मार्कस राइट्झिग यांनी 2014 मध्ये मांडलेली चौकट फार उपयोगी पडते. त्यांचं म्हणणं असं, की संस्था कुठलीही असो, तिला चार प्रश्न सोडवावेच लागतात. कामाचे तुकडे कसे पाडायचे? कुठला तुकडा कुणाला द्यायचा? माणसाने ते काम करावं म्हणून त्याला काय द्यायचं? आणि ते नीट करायला लागणारी माहिती त्याच्यापर्यंत कशी पोचवायची? संस्था 'वेगळी' आहे असं म्हणायचं असेल, तर यातल्या कुठल्या प्रश्नाचं उत्तर तिने वेगळं दिलंय ते दाखवावं लागतं, आणि तेही तसंच उद्दिष्ट असलेल्या दुसऱ्या संस्थेशी ताडून. डबेवाल्यांची तुलना सरकारी कार्यालयाशी करून काही हाती लागत नाही. कुरिअर कंपनीशी किंवा ॲपवरून जेवण पोचवणाऱ्या कंपनीशी केली तर लागतं. ही तुलनेची संस्था सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) लिहितानाच नक्की करा. मागाहून शोधली की ती सोयीची निवडली जाते.

पायरी 2: कुंपण कुठे घालायचं?

अभ्यासाचं एकक कोणतं? संघटना, गट, की माणूस? डबेवाल्यांमध्ये एकक गट धरावा, कारण कमाई आणि खर्च गटाच्या पातळीवर जमतात आणि मुकादम हा गटाचा असतो. संघटनेच्या अध्यक्षांची एक मुलाखत घेऊन जो प्रबंध लिहितो, त्याने चुकीच्या दारावर टकटक केलेली असते.

बाहेरची कड त्याहून अवघड. सकाळी डबा भरून ठेवणारी गृहिणी पगारपत्रकावर नाही, पण तिला दहा मिनिटं उशीर झाला तर साखळी तुटते. रेल्वेचंही तसंच. सगळ्या व्यवस्थेचं घड्याळ म्हणजे लोकलचं वेळापत्रक, आणि ते ठरवणारे लोक या संघटनेचे सभासदसुद्धा नाहीत. म्हणून कुंपण पगारपत्रकावर घालू नका. काम जिथून सुरू होतं आणि जिथे संपतं तिथे घाला.

पायरी 3: वाचन, पण मोजकं

या विषयातल्या जुन्या अभ्यासकांना टाळून पुढे जाता येत नाही. टॉम बर्न्स आणि जी. एम. स्टॉकर (1961) यांनी स्कॉटलंडमधल्या इलेक्ट्रॉनिक्स कंपन्या पाहून यांत्रिक (ठरलेली कामं, वरून येणारे हुकूम) आणि सेंद्रिय (लवचीक, आपसात बोलून चालणारी) रचनेतला फरक मांडला. आल्फ्रेड चँडलर (1962) यांनी ड्यूपाँट, जनरल मोटर्स अशा कंपन्यांच्या इतिहासातून दाखवलं की धोरण बदललं की रचना बदलावी लागते. पॉल लॉरेन्स आणि जे लॉर्श (1967) यांचं विभागांमधल्या वेगळेपणाचं आणि जोडणीचं काम, जेम्स थॉम्पसन (1967) यांचं परस्परावलंबनाचं, जे गालब्रेथ यांचं माहितीच्या ओझ्याचं आणि हेन्री मिंट्झबर्ग (1979) यांचं रचनांच्या प्रकारांचं. एवढं मूळ लेखनातून वाचा, गाईडच्या नोट्समधून नको. शोधगंगा या भारतीय विद्यापीठांच्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात आधीचे प्रबंध चाळा, पण प्रश्नावली उचलण्यासाठी नव्हे. कुठला प्रश्न कुणी विचारलाच नाही हे पाहण्यासाठी.

पायरी 4: कामामागे चाला

इथे सर्वात जास्त वेळ द्या. एक वस्तू निवडा: डबा, अर्ज, रुग्णाचा केसपेपर, ऑर्डर. ती आत येते तिथून बाहेर पडते तिथपर्यंत तिच्यासोबत चाला. प्रत्येक हातबदलाशी थांबून चार गोष्टी टिपा: कुणी दिलं, कुणी घेतलं, घेताना त्याने काय पाहिलं, आणि चुकलं असतं तर ते कुठे कळलं असतं.

डब्यामागे चाललात तर हे दिसेल. एक जण घराघरांतून डबे गोळा करून स्टेशनवर आणतो. तिथे ते उतरायच्या ठिकाणानुसार लावले जातात आणि लोकलच्या लगेजच्या डब्यात चढतात. शहराच्या टोकाला पुन्हा वाटणी होते आणि दुसराच माणूस ते ऑफिसच्या मजल्यावर नेऊन देतो. दुपारी हाच प्रवास उलटा. लोकल स्टेशनवर मिनिटभरही थांबत नाही, त्यामुळे फलाटावर चर्चेला वावच नाही. समन्वय बोलून होत नाही. तो आधीच झाकणावर रंगवलेला असतो. मध्ये उतरायच्या स्टेशनचा आकडा, बाजूला इमारत, मजला आणि पोचवणाऱ्याची खूण, शिवाय डबा निघाला त्या स्टेशनची खूण. गिऱ्हाइकाचं नाव नाही, घराचा पत्ता नाही.

घराचा पत्ता का नाही, हा या केसमधला सर्वात चांगला प्रश्न आहे. तो गोळा करणाऱ्याच्या डोक्यात पक्का असतो आणि बाकी कुणाला त्याची गरजच नसते. प्रत्येक हाताला फक्त स्वतःचा टप्पा पुरा करण्याइतकी माहिती. पुरानम यांच्या चौथ्या प्रश्नाचं हे उत्तर आहे, आणि ते चार्टवर कधीच दिसलं नसतं.

आता हे थॉम्पसन यांच्या वर्गवारीत बसवून पाहा. ते परस्परावलंबनाचे तीन प्रकार सांगतात. पहिल्यात प्रत्येक जण आपापलं काम करतो आणि ते एका ठिकाणी जमा होतं. तिथे नियम आणि प्रमाणीकरण पुरतं. दुसऱ्यात एकाचं संपल्याशिवाय दुसऱ्याचं सुरू होत नाही. तिथे वेळापत्रक लागतं. तिसऱ्यात काम पुढे-मागे होत राहतं, जसं शस्त्रक्रियेच्या वेळी सर्जन आणि भूलतज्ज्ञ यांच्यात. तिथे माणसांना एकमेकांशी सतत बोलावंच लागतं.

डबेवाले दुसऱ्या प्रकारात येतात. पहिल्या प्रकारासाठी त्याच मुंबईतलं लिज्जत पापड पाहा. 15 मार्च 1959 रोजी गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन सुरू केलेला हा उद्योग. शाखेत तिंबलेलं पीठ बहिणी (सभासद बायकांना तिथे हेच म्हणतात) घरी नेतात, पापड लाटून-वाळवून आणून देतात, तिथे वजन आणि दर्जा तपासला जातो. एका बहिणीचे पापड उशिरा आले तर दुसरीचं काम अडत नाही. म्हणून लिज्जतची रचना पीठ एकसारखं ठेवण्यावर आणि तपासणीवर उभी आहे, तर डबेवाल्यांची वेळेवर. दोन्ही संस्था 'तळागाळातल्या लोकांची सहकारी यशोगाथा' या एकाच मथळ्याखाली छापल्या जातात, पण रचनेच्या अभ्यासकाला त्या दोन वेगळ्या जाती वाटायला हव्यात.

पायरी 5: निर्णयांचा तक्ता

'तुमच्या संस्थेत विकेंद्रीकरण आहे असे वाटते का?' असं विचारलं की सगळे 'सहमत' वर खूण करतात. बर्मिंगहॅमच्या ॲस्टन गटाने (डेरेक प्यू, डेव्हिड हिक्सन आणि सहकारी) 1960च्या दशकात यातून सुटण्याची वाट दाखवली. त्यांनी 52 संस्थांमध्ये लोकांची मतं विचारली नाहीत, वस्तुस्थिती विचारली. ठरावीक निर्णयांची यादी घेतली आणि प्रत्येकाबद्दल विचारलं: हा निर्णय प्रत्यक्ष अंमलात येण्याआधी शेवटी कुणाची संमती लागते? औपचारिकता मोजताना 'नियम आहेत का' असं न विचारता लेखी कागद मागितले.

तुमच्या केससाठी दहा-बारा निर्णयांची यादी करा. डबेवाल्यांसाठी ती अशी होऊ शकते: नवं गिऱ्हाईक घेणं, त्याला दर सांगणं, सतत उशीर करणारं गिऱ्हाईक सोडणं, गटात नवा माणूस घेणं, रजा देणं, दंड करणं, आजारी माणसाच्या जागी कुणी जायचं, दोन गटांचा वाद मिटवणं, रेल्वेशी बोलणी करणं. प्रत्येकापुढे तीन रकाने: विषय कोण काढतो, शेवटचा शब्द कुणाचा, कुणाला नुसतं कळवावं लागतं. हा तक्ता साधा सभासद, मुकादम आणि कार्यकारिणीतला माणूस अशा तिघांकडून वेगवेगळा भरून घ्या. तिघांची उत्तरं जुळली नाहीत तर घाबरू नका, तो तुमचा सर्वात मोलाचा डेटा आहे.

कंपनीत असाल तर एक प्रश्न कधी सोडू नका: वरच्याला न विचारता तुम्ही किती रुपयांपर्यंत खर्च करू शकता? निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी तारापूर आणि उंबरगावच्या कापड गिरण्यांमध्ये प्रयोग केला, तेव्हा विकेंद्रीकरण मोजताना हा प्रश्न त्यांनी वापरला होता. 17 कंपन्या, त्यांचे 28 कारखाने. काहींना सल्लागारांमार्फत चांगल्या व्यवस्थापन पद्धती शिकवल्या, काहींना तुलनेसाठी ठेवलं. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या वर्षात उत्पादकता 17 टक्क्यांनी वाढली. आपल्याला रस आहे तो पुढच्या भागात. आधी या मालकांनी अधिकार भाऊ-मुलांच्या बाहेर जाऊ दिले नव्हते, त्यामुळे घरातले पुरुष जितके, तितकीच धंद्याची वाढ. रोजचे आकडे नीट येऊ लागल्यावर कारखान्याच्या मॅनेजरकडे जास्त निर्णय सोपवले गेले. म्हणजे माहितीची व्यवस्था बदलली आणि तिच्यामागोमाग अधिकार खाली सरकले.

पायरी 6: बिघाडाचा दिवस शोधा

सुरळीत दिवशी सगळ्या रचना सारख्याच दिसतात. म्हणून मुलाखतीत 'साधारणपणे कसं चालतं?' हा प्रश्न शेवटी ठेवा. सुरुवात अशी करा: 'मागच्या वेळी तुमच्यातला एक जण अचानक आला नाही, तो दिवस सांगा. कुणाला आधी कळलं? त्याने काय केलं? कुणाला विचारावं लागलं का?' मेगाब्लॉकचा दिवस, पावसाने लोकल बंद पडलेला दिवस, डबा दुसऱ्याच मजल्यावर गेलेला दिवस. नेमका प्रसंग विचारला की माणूस आदर्श सांगायचं सोडून घडलेलं सांगतो. आणि बोलणारा वयाने मोठा असेल तर 'अण्णा', 'मामा' म्हणून, फॉर्म बाजूला ठेवून, त्याच्या सवडीने बोला. फलाटावर वाटणी सुरू असताना मुलाखत मागणाऱ्याला कोणीही उभं करणार नाही, आणि तेच बरोबर आहे.

या प्रसंगांना अर्थ लावायला गालब्रेथ यांचं म्हणणं कामी येतं. नियमात न बसणारी गोष्ट घडली की ती वर पाठवली जाते. अशा गोष्टी वाढल्या की वरचे लोक तुंबतात. मग दोन वाटा उरतात: माहिती हाताळण्याची ताकद वाढवा, म्हणजे संगणकप्रणाली किंवा विभागांना आडवे जोडणारे समन्वयक, नाहीतर माहितीची गरजच कमी करा, म्हणजे थोडी जादा माणसं बाळगा आणि स्वतःपुरते पूर्ण गट करा. डबेवाल्यांनी दुसरी वाट घेतली आहे. प्रत्येक गटात थोडी जादा, सगळे मार्ग माहीत असलेली माणसं असतात. कुणी पडलं की तेच जागा भरतात आणि गोष्ट गटाबाहेर जातच नाही. कार्यक्षमतेच्या चष्म्यातून पाहणाऱ्याला ती माणसं रिकामी दिसतील. त्यांना काढा असा सल्ला देणारा विद्यार्थी मी मुकादमासमोर उभा करीन.

पायरी 7: संस्थेने स्वतःबद्दल सांगितलेल्या आकड्यांवर विसंबू नका

डबेवाल्यांना 'सिक्स सिग्मा' (दहा लाखांत तीन-चारच चुका, असा दर्जा) प्रमाणपत्र मिळालं आहे, हे वाक्य कितीतरी प्रबंधांत आहे. मूळ गोष्ट अशी. 1998 मध्ये फोर्ब्स या अमेरिकी मासिकात त्यांच्यावर लेख आला. लेखकाने संघटनेच्या प्रमुखांना चुका किती होतात ते विचारलं. जवळपास नाहीच, दोन महिन्यांत एखादी, असं उत्तर मिळालं. त्यावरून गणित करून 80 लाख डब्यांमागे एक चूक, परतीचा प्रवास धरला तर 1 कोटी 60 लाखांमागे एक, असा आकडा छापला गेला. प्रमाणपत्र फोर्ब्सने दिलं नव्हतं. लेखात सिक्स सिग्मा हा शब्दच नव्हता, हे त्या लेखकानेच पुढे स्पष्ट केलं. तरी बिरुद चिकटलं ते चिकटलं.

यात डबेवाल्यांचा दोष काहीच नाही. त्यांनी विचारलं ते प्रामाणिकपणे सांगितलं. दोष आपला, कारण प्रमुखाच्या तोंडी अंदाजाला आपण मोजमाप समजलो. तुम्हाला चुकांचा दर हवा असेल तर एका गटाच्या एका महिन्याच्या तक्रारी स्वतः नोंदवा. आकडा लहान असेल, पण तो तुमचा असेल. आणि चूक म्हणजे काय ते आधी ठरवा: डबा हरवला, बदलला, की वीस मिनिटं उशिरा आला?

पायरी 8: दुसरं कारण असू शकतं का?

परीक्षक व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) हे विचारणारच. डबेवाल्यांचं काम रचनेमुळे चालतं, की बहुतेक माणसं मावळ, मुळशी, खेड, जुन्नर, आंबेगावची, नात्यागोत्यातली आणि वारकरी परंपरेतली आहेत म्हणून? एकाच केसमधून याचा निकाल लागत नाही. पण केसच्या आत तुलना करता येते. नात्यातली माणसं जास्त असलेला गट आणि कमी असलेला गट यांत दंड, गैरहजेरी, तक्रारी वेगळ्या आहेत का? काळाचीही तुलना होते: मार्च 2020 मध्ये लोकल थांबल्या आणि डबेही थांबले. नातीगोती तीच, नियम तेच, पण घड्याळ गेलं आणि ऑफिसं बंद झाल्याने गिऱ्हाईकही गेलं. नंतर परतलेले गट कसे जुळले, कोड कुणी नव्याने आखले, जादा माणसं परवडली का, हे अजून विचारण्यासारखं आहे.

आधी ठरवलेलं उत्तर डेटाने मोडलं तर काय होतं, ते जोन वुडवर्ड यांच्याकडून शिकावं. 1950च्या दशकात त्यांनी इंग्लंडमधल्या दक्षिण एसेक्सच्या 100 कंपन्या पाहिल्या. पाठ्यपुस्तकातली तत्त्वं पाळणाऱ्या कंपन्या जास्त यशस्वी असतील, या अपेक्षेला आकड्यांत आधार मिळेना. मग त्यांनी कंपन्या उत्पादनाच्या तंत्रानुसार लावल्या आणि चित्र उमटलं: पहिल्या फळीच्या पर्यवेक्षकाची नियंत्रणकक्षा, म्हणजे त्याच्या हाताखालची माणसं, सुट्या (एकेक नग किंवा छोटे लॉट करायच्या) उत्पादनात साधारण 23, मोठ्या प्रमाणावरच्या उत्पादनात 48 आणि रसायनांसारख्या अखंड प्रक्रियेत 15. तंत्राचा हा डेटा त्यांनी आधीच गोळा करून ठेवला होता म्हणून ते जमलं. तेव्हा आज बिनकामाच्या वाटणाऱ्या चार गोष्टीही टिपून ठेवा.

शक्य असेल तर पुन्हा जा. अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये 1953 साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांना स्वयंचलित मागांच्या खात्यात 29 कामगार 12 वेगवेगळ्या कामांत वाटलेले दिसले. सगळे एकमेकांवर अवलंबून, पण गट म्हणून कुणीच नाही. गटाने माग सांभाळावेत ही कल्पना पुढे आली आणि कामगारांनी स्वतःच गट पाडले. उत्पादन वाढलं, खराब माल घटला. कथा इथे थांबली असती तर छान दिसली असती. पण एरिक मिलर यांनी 1970 पर्यंतचा मागोवा घेतला, तेव्हा एका खात्यात गटपद्धत टिकलेली होती आणि इतरत्र ती बरीचशी जुन्या वळणावर गेली होती. रचना टिकते की ओसरते हे एका भेटीत कळत नाही. पीएचडीच्या मुदतीत निदान दोन फेऱ्या, मध्ये वर्षभराचं अंतर ठेवून, बसवता येतात.

पायरी 9: लिहिण्याआधी तक्ता परत न्या

परवानगीचं पत्र, नावं बदलणं, रेकॉर्डिंगआधी विचारणं, हे विद्यापीठाच्या नियमांप्रमाणे करा. त्यावर वेगळं काही सांगायला नको. एक गोष्ट मात्र नियमात नसते. भरलेला निर्णयांचा तक्ता आणि कामाचा नकाशा ज्यांच्याकडून घेतला त्यांना दाखवा. कागद त्यांच्या हातात दिला की 'असं नाही हो, इथे आधी मला विचारतात' असं कुणीतरी म्हणतोच. दुसरा त्याचं म्हणणं खोडतो. लगेच दुरुस्ती करून एकच उत्तर लिहू नका. दोन्ही उत्तरं, कुणी कुठल्या जागेवरून दिली त्यासह, तक्त्यात शेजारी शेजारी ठेवा आणि त्या रकान्याला खूण करा. विश्लेषणाचं प्रकरण त्या खुणांपासून सुरू करा.